शुक्रवार पेठेतील जुने घर वारसा यादीत असेल, तर त्यात काय बदलता येते?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत आपल्या पणजोबांनी बांधलेले, साधारण सव्वाशे वर्षांचे, लाकडी खांबांचे आणि मंगलोरी कौलांचे दोन मजली घर आहे. कौले गळतात, रस्त्याकडचा लाकडी सज्जा एका अंगाला झुकला आहे आणि आपल्या वृद्ध आईंना रात्री परड्यातल्या स्वच्छतागृहापर्यंत जाणे जमत नाही. म्हणून कौले उतरवून स्लॅब टाकावा, सज्जा काढावा, माजघरात संडास आणि न्हाणी करावी आणि पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, शटर बसवून गाळा भाड्याने द्यावा, असा आपला विचार आहे. शेजारी म्हणतात की घर हेरिटेजमध्ये आहे, आता त्याला खिळाही ठोकता येणार नाही. ठेकेदार म्हणतो की आतल्या कामाला परवानगी लागतच नाही. यातले खरे काय, असे आपण विचारले आहे.

दोघांचेही म्हणणे चुकीचे आहे, आणि ठेकेदाराचे आपल्याला जास्त महागात पडू शकेल. मी वास्तुविशारद आहे आणि गेली चोवीस वर्षे कोल्हापुरातल्या पेठांमध्ये प्रामुख्याने जुन्या घरांच्या दुरुस्तीचीच कामे करतो, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो. आपल्या प्रश्नात चार वेगवेगळी कामे एकत्र आली आहेत. परवानगीच्या दृष्टीने त्यांतले प्रत्येक काम निराळे आहे आणि घराच्या प्रकृतीच्या दृष्टीनेही निराळे आहे. त्यांचा एकच गठ्ठा करून अर्ज केलात तर सगळ्यांत वादग्रस्त कामापायी बाकीची तीनही अडकून पडतील.

आधी काही गोष्टी आपल्यालाच तपासाव्या लागतील, कारण उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे. घर खरोखर यादीत आहे का, हे शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ठरवू नका. महापालिकेच्या नगररचना विभागात सिटी सर्व्हे नंबर देऊन पाहा आणि उत्तर लेखी मागा. यादीत नाव असेल तर ती यादी मंजूर आहे की प्रारूप आहे, घराची श्रेणी कोणती, आणि नोंद एकट्या घराची आहे की संपूर्ण परिसराची, हेही विचारा. परिसराची नोंद असेल तर घर स्वतंत्रपणे यादीत नसले, तरी रस्त्यावरून दिसणाऱ्या बदलांना नियम लागू होऊ शकतात. प्रारूप यादी असेल तर मालकाला हरकती आणि सूचना देण्याची संधी असते. यादी मंजूर होण्यापूर्वी घाईने सज्जा उतरवून टाकण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. तो मानू नका. तसे केलेले एक घर मी नंतर पाहिले आहे. सज्जा गेल्यावर पावसाचा मारा थेट वरच्या मजल्याच्या भिंतीवर येऊ लागला आणि दोन पावसाळ्यांत त्या भिंतीचे पोट बाहेर आले.

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडे हा विषय महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली येतो. त्याच्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय करता येणारी कामे दिली आहेत. इमारतीच्या फक्त आतल्या भागाशी संबंधित असलेली, किंवा बाह्यरूपात ठळक फरक न पाडणारी देखभालीची आणि बदलांची कामे त्यात मोडतात. आपला ठेकेदार ज्या सवलतीच्या भरवशावर बोलतो आहे, ती हीच. मात्र त्याच वाक्यात पुढे वारसा इमारत आणि वारसा परिसर यांचा अपवाद केलेला आहे. याचा अर्थ असा की साध्या घरात माजघराची भिंत सरकवणे हा मालकाचा खासगी मामला असू शकतो, पण यादीतल्या घरात तेच काम परवानगीच्या कक्षेत येते. वारसा इमारतींविषयीच्या नियमावलीचे शब्द तर आणखी व्यापक आहेत. बांधकाम, पाडकाम आणि वाढीव बांधकाम यांच्याबरोबरच दुरुस्ती, रंगकाम, गिलावा आणि वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणे, या सगळ्यांचा उल्लेख त्यात आहे. रंगकामाचाही उल्लेख असतो, हे ऐकून बहुतेक मालकांना आश्चर्य वाटते. काळ्या घडीव दगडाच्या जोत्यावर ऑइलपेंट फासलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

अशा प्रकारची नियमावली देशात सर्वप्रथम १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी झाली आणि राज्यातल्या इतर शहरांतील तरतुदी मोठ्या प्रमाणात त्याच धर्तीवर आल्या. आता मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला, त्यात कोल्हापूरलाही, डिसेंबर २०२० मध्ये अमलात आलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे आणि वारसा जतनाच्या तरतुदी तिच्यात आहेत.

श्रेणी का विचारावी, ते यावरून कळेल. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात. इमारत मजबूत करण्यासाठी आणि तिचे आयुष्य वाढवण्यासाठी जेवढे अत्यावश्यक तेवढेच काम तिथे मान्य होते, मग ते आत असो वा बाहेर. दुसऱ्या श्रेणीत प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या वास्तू येतात. तिथे काटेकोर छाननीनंतर अंतर्गत बदल आणि नव्या वापराशी जुळवून घेणारे बदल होऊ शकतात. तिच्या 'ब' गटात, जुन्या इमारतीशी सुसंगत असेल तर, त्याच आवारात विस्तारही काही परिस्थितीत मान्य होतो. तिसऱ्या श्रेणीतली घरे शहराच्या एकंदर चेहऱ्यासाठी महत्त्वाची मानलेली असतात. त्यांत आतले, बाहेरचे आणि वापरातले बदल सर्वसाधारणपणे मान्य होतात. ते बदल त्या चेहऱ्याला बाधा आणणारे नसावेत, एवढी अपेक्षा असते. आपल्या वर्णनावरून आपले घर तिसऱ्या किंवा फार तर दुसऱ्या श्रेणीचे असावे असे मला वाटते, पण हा अंदाज आहे आणि अंदाजावर काम सुरू करू नये.

निर्णय कोण घेते याविषयीही गोंधळ असतो. वारसा समिती सल्लागार असते. स्थापत्य अभियंते, वास्तुविशारद, इतिहासाचे अभ्यासक आणि पर्यावरणाचे जाणकार असे वेगवेगळ्या विषयांतले लोक तिच्यात असावेत अशी अपेक्षा असते. परवानगी देणारे किंवा नाकारणारे प्राधिकरण महापालिका असते आणि आयुक्त समितीच्या सल्ल्याने निर्णय घेतात. क्वचित त्यांना सल्ल्याबाहेर जाऊनही निर्णय देता येतो, पण त्यासाठी कारणे लेखी नोंदवावी लागतात. अर्जावर ६० दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद कलम ४५ मध्ये आहे. आपल्या प्रकरणात तिच्यावर विसंबू नका. ती नियमात तंतोतंत बसणाऱ्या प्रस्तावालाच लागू पडते, आणि समितीचा सल्ला घेणे हा त्या नियमांचाच भाग आहे.

थोडक्यात, घर यादीत असेल तर आतल्या कामालाही परवानगी लागते, पण परवानगी लागणे म्हणजे मनाई असणे नव्हे, आणि किती बदल करता येतील हे श्रेणीवरून ठरते. एवढा कायदा आपल्याला पुरेसा आहे. यापुढचे काम कायद्याच्या पुस्तकातले नसून घरातले आहे.

समिती एखाद्या प्रस्तावाकडे कसे पाहते, ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक अर्ज तिथेच फसतात. मालक 'मला काय हवे' ते नकाशावर काढून नेतो. समितीला आधी 'घरात काय आहे आणि त्याला काय झाले आहे' हे पाहायचे असते. प्रस्तावित नकाशा सुंदर आहे पण घराचा आहे तसा नकाशाच नाही, अशी प्रकरणे मी कितीतरी पाहिली. अशा वेळी समितीला एक तर नकार देता येतो किंवा माहिती मागवून प्रकरण पुढच्या बैठकीवर टाकता येते. मालकाच्या दृष्टीने दोन्हींत वेळच जातो.

यावर मला माझ्या एका जुन्या कामाचे उदाहरण द्यायचे आहे, कारण ते आपल्या सज्जाशी जुळते. मंगळवार पेठेतल्या एका घराचा सज्जा असाच झुकला होता. मालकांनी माझ्याकडे येण्याआधी दुसऱ्या कोणाकडून 'सज्जा धोकादायक असल्याने काढून टाकण्यास परवानगी मिळावी' असा अर्ज केला होता आणि तो परत आला होता. आम्ही सज्जाची मापे घेतली, प्रत्येक कोरीव ब्रॅकेटला क्रमांक दिला आणि सुताराला पेचकस घेऊन एकेक लाकूड तपासायला लावले. नऊ ब्रॅकेटपैकी सहा ठणठणीत निघाले. पेचकसाचे टोक त्यांत शिरेना. उरलेले तीन एकाच कोपऱ्यात होते आणि त्यांच्या बरोबर वर कौलांची पन्हळ फुटलेली होती. इतके झाल्यावरही झुकाव एवढा का, हा प्रश्न उरत होता. म्हणून आम्ही खाली सोप्यात आलो. आठएक वर्षांपूर्वी सोप्यात फरशी घालताना जमीन चार इंच उंचावली होती आणि खांबांखालचे दगडी तळखडे त्या फरशीखाली गाडले गेले होते. कोपऱ्यातल्या खांबाभोवतीची एक फरशी उचलली तेव्हा तोच पेचकस खांबाच्या बुडात मुठीपर्यंत आत गेला. लाकूड ओल्या भुशासारखे झाले होते. वरून पाहता खांब तेल लावल्यासारखा चकचकीत होता.

त्या खांबाचे खालचे दीड फूट कापून तेवढाच नवा सागवानी तुकडा लांब तिरप्या सांध्याने जोडला, तळखडा मोकळा केला, तीन ब्रॅकेट नवे घडवले आणि पन्हळ बदलली. सज्जा आजही उभा आहे. आम्ही नवा अर्ज नेला तेव्हा त्यात या सगळ्याची छायाचित्रे आणि क्रमांकवार तक्ता होता, आणि समितीने फारसे प्रश्न न विचारता शिफारस केली. त्या घरमालकांना सज्जा काढायचा होता असे नव्हते, त्यांना तो पडण्याची भीती वाटत होती. भीतीचे कारण सापडल्यावर काढण्याचा विषयच उरला नाही. आपल्या सज्जाचेही आधी असेच निदान करून घ्या. झुकाव एकाच अंगाला आहे असे आपण लिहिले आहे, त्यावरून दोष एखाद्या कोपऱ्यातच असण्याची शक्यता बरीच आहे.

स्लॅबच्या बाबतीत मात्र माझे मत स्पष्ट आहे आणि ते समितीपुरते नाही. यादीत नसलेल्या घराच्या मालकालाही मी हेच सांगतो. मंगलोरी कौलांचे छप्पर, खालच्या रिपा धरून, एका चौरस मीटरला साधारण ६५ किलो भरते. पाच इंची स्लॅब तेवढ्याच जागेत ३०० किलोंच्या वर जातो, आणि त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर येतो तो वेगळाच. म्हणजे आपण घराच्या डोक्यावर साडेचार-पाच पट ओझे ठेवायला निघालो आहोत. आपल्या घराच्या भिंती पांढऱ्या मातीत रचलेल्या असतील आणि मधल्या भिंती भेंड्यांच्या, म्हणजे मातीच्या कच्च्या विटांच्या, असतील, तर खरा भार लाकडी खांब आणि तुळया उचलत आहेत. भिंती मुख्यतः जागा झाकतात. अशा सांगाड्यावर स्लॅब बसत नाही, त्यासाठी आतून नवे आरसीसी कॉलम उभे करावे लागतात, त्यांच्या पायासाठी जुन्या जोत्यालगत खड्डे घ्यावे लागतात, आणि पेठेत घराला घर लागून असल्याने शेजाऱ्यांची भिंतही धोक्यात येते. ठेकेदाराने जो आकडा सांगितला आहे त्यात हे सगळे धरले आहे का, ते विचारा.

आपली खरी तक्रार गळतीची आहे. कौलारू छप्पर नीट केले तर ते गळत नाही. कौले उतरवून, फुटकी बाजूला काढून, वासे आणि रिपा तपासून, कुजलेल्या तेवढ्याच बदलून, आढ्यावरचे कोने चुन्यात पुन्हा बसवून आणि पन्हळींना उतार देऊन काम करावे. आत फळ्यांचे पाटण करून त्यावर पाणीरोधक पडदा टाकता येतो. तो खालून दिसत नाही आणि फुटलेल्या कौलातून आलेले पाणी घरात पडू देत नाही. त्याच आकाराचे, त्याच उताराचे आणि त्याच साहित्याचे छप्पर पुन्हा घातले जात असल्याने समितीकडे याला विरोध होण्याचे कारणही सहसा नसते.

आता आईंच्या सोयीचा विषय. याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण माणसांना राहता आले नाही तर घर राहत नाही. पेठांतली कितीतरी घरे म्हाताऱ्या माणसांच्या अडचणींमुळेच रिकामी झाली आहेत. तळमजल्यावर संडास आणि न्हाणी करायला हरकत नसावी, पण माजघराच्या मधोमध ती करू नये. माजघर हा घराचा कोरडा गाभा असतो, चारी बाजूंनी लाकूड आणि माती. तिथे रोज पाणी सांडू लागले की ओल खांबांच्या बुडाशी जाते आणि वर सांगितलेल्या खांबाची गत होते. परड्याकडच्या बाजूला, मागच्या भिंतीला लागून, हलक्या विटांचे स्वतंत्र दोन आडोसे करा आणि माजघराच्या मागच्या दारातून तिथपर्यंत छप्पर असलेली पातळीवरची वाट द्या. पाइप मातीच्या भिंतीत खोदून बसवू नका, भिंतीबाहेरून उघडे न्या. गळती लागली तर ती दिसेल आणि पुढेमागे सगळे काढून टाकायचे झाले तरी मूळ भिंतीला धक्का लागणार नाही. मूळ घराला इजा न करता परत काढता येईल असा बदल समितीच्या दृष्टीने नेहमी सोपा असतो, आणि अर्जात ही गोष्ट स्पष्ट शब्दांत लिहावी.

शटरचे काम या चौघांत सर्वांत अवघड आहे. लोखंडी शटर बसवण्यासाठी सोप्याचे दर्शनी खांब किंवा दोन खांबांमधली महिरप काढावी लागते. घराच्या चेहऱ्यात सर्वांत मोलाचा भाग तोच असतो आणि वरच्या सज्जाचा भारही त्यांच्यावरच असतो. भाड्याच्या उत्पन्नाची गरज मी नाकारत नाही. राहत्या वारसा घराचा काही भाग दुकान किंवा कार्यालयासाठी वापरण्याला नियमावलीतही वाव असतो. पण वापर बदलायला दर्शनी भाग बदलावा लागतोच असे नाही. खांबांच्या आतल्या बाजूला, दोन फूट मागे, घडीच्या लाकडी फळ्यांची दारे बसवता येतात. पूर्वी पेठेतल्या दुकानांना अशाच फळ्या असत. दुकानाचा फलकही परवानगीच्या कक्षेत येतो, म्हणून त्याचा आकार आणि जागा याच नकाशात दाखवा. भाडेकरूने नंतर सज्जाची कठडी झाकणारा भलामोठा फ्लेक्स लावला तर नोटीस मालकाच्या नावाने येते.

शुक्रवार पेठ म्हटल्यावर पुराविषयी लिहिलेच पाहिजे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेले, हे आपण पाहिलेच आहे. त्या दोन पुरांनंतर मी बऱ्याच घरांत गेलो. मातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा असलेली घरे हळूहळू, दोन-तीन महिन्यांत, वाळली. त्याच भिंतींना सिमेंटचा गिलावा केलेला होता तिथे पाणी आत कोंडले गेले. गिलावा बाहेरून घट्ट दिसत होता आणि हाताने ठोकल्यावर पोकळ वाजत होता, आणि काही ठिकाणी तो उतरवला तेव्हा मागची माती चिखल होऊन त्याच्याबरोबर खाली आली. म्हणून गिलाव्याचे काम चुन्यातच करा. चुना निदान पंधरा दिवस विरवून मुरवलेला असावा. त्याला वेळ लागतो, मजुरीही जास्त पडते, आणि हे काम येणारे गवंडी आता थोडे राहिले आहेत, तरी शोधल्यास मिळतात. विजेची जोडणीही या दुरुस्तीतच नवी करून घ्या आणि बटणे, मीटर पुराच्या पातळीच्या वर न्या. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला लागलेल्या आगीत शाहू महाराजांच्या काळातली वास्तू एका रात्रीत बेचिराख होताना या शहराने पाहिली. लाकडी इमारतीत आगीला थांबवणारे फार थोडे असते.

पुराशी आणखी एक हिशेब जोडलेला आहे. घर पाडून नवे बांधण्याचा विचार कुटुंबात कोणी मांडला, तर पूररेषांचे निर्बंध, जोत्याची उंची, बांधकामाभोवती मोकळी सोडायची सामासिक अंतरे आणि विकास आराखड्यातली रस्तारुंदी, हे सगळे नव्या बांधकामाला लागू होईल. अरुंद पेठेत रुंदीकरणाची रेषा कित्येकदा सोप्याच्या मधून जाते. जागेवर उभे असलेले घर दुरुस्त करताना यातले बरेच प्रश्न उद्भवत नाहीत. वारसा नोंदीमुळे विकासहक्क वापरता येत नसतील, तर त्यांच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, मिळण्याची तरतूद आहे. तो आपल्या प्रकरणात किती मिळेल हे भूखंडाचे क्षेत्र आणि आधी झालेल्या बांधकामावर अवलंबून राहील, म्हणून अर्जाआधी त्याची लेखी विचारणा करून ठेवा.

कागदपत्रांत सर्वांत जास्त वेळ मालकीवर जातो. प्रॉपर्टी कार्डावर अजून पणजोबांचे किंवा आजोबांचे नाव असेल तर आधी वारसनोंद करून घ्या आणि सर्व हिस्सेदारांचे संमतीपत्र घ्या. पुण्या-मुंबईतल्या चुलत भावंडांची सही गणपतीत सगळे घरी जमतात तेव्हा घेतलेली बरी. नंतर एका सहीसाठी सहा महिने गेलेले मी पाहिले आहेत. घरात जुने भाडेकरू असतील तर त्यांचा ताबा नकाशावर दाखवा.

अर्ज परवानाधारक वास्तुविशारदामार्फतच करावा लागेल. त्यात आहे तसे प्रत्येक मजल्याचे मोजलेले नकाशे, रस्त्याकडचा दर्शनी नकाशा शेजारच्या दोन्ही घरांसह, घराचा उभा छेद, सज्जाचा मोठ्या प्रमाणातला तपशील, प्रत्येक खोलीची छायाचित्रे, लाकडाच्या तपासणीचा तक्ता आणि स्थापत्य अभियंत्याचा अहवाल असावा. त्यानंतर प्रस्तावित नकाशे, आणि प्रत्येक बदलासाठी तो का हवा आहे, दुसरा पर्याय का चालत नाही आणि कोणते साहित्य वापरणार, याच्या दोन-दोन ओळी. जुन्या कौटुंबिक अल्बममधला घरासमोरचा एखादा लग्नाचा फोटो मिळाला तर तोही जोडा. सज्जाची मूळ कठडी कशी होती, हे आम्हाला एकदा अशाच वरातीच्या फोटोवरून कळले होते.

सज्जाची स्थिती खरोखर गंभीर असेल तर परवानगीची वाट पाहत त्याखालून लोकांना जाऊ देऊ नका. आजच टेकू द्या, खाली अडथळा लावा आणि छायाचित्रांसह महापालिकेला लेखी कळवा. धोकादायक इमारतींविषयी महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटीस येऊ शकते. ती आली तर घाबरून सगळे उतरवू नका. धोका दूर करण्याचे मार्ग पाडण्याखेरीज दुरुस्तीचेही असतात, आणि अभियंत्याच्या अहवालासह तसे उत्तर देता येते. पाडून टाकल्यावर मात्र दाखवायला काहीच उरत नाही.

आपले एखादे नातेवाईक पन्हाळ्यावर राहत असतील आणि त्यांचा अनुभव ते आपल्याला सांगत असतील, तर तो इथे लावू नका. पन्हाळा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. तिथे १९५८ चा पुरातत्त्व कायदा आणि त्यातली २०१० ची सुधारणा लागू होते. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते, आणि अर्जाचा मार्ग पूर्ण वेगळा आहे. आपल्या घराजवळ असे एखादे संरक्षित स्मारक आहे का, तेवढे मात्र नगररचना विभागात विचारून घ्या.

आपल्या चार कामांचा क्रम मी असा लावेन. नकाशे आणि तपासणी एकदाच, पूर्ण घराची करून घ्या, कारण ती पुढच्या प्रत्येक अर्जाला लागणार आहे. पहिला अर्ज छपराची दुरुस्ती, सज्जाची दुरुस्ती आणि परड्याकडची न्हाणी यांचा करा. दुकानाचा अर्ज त्यानंतर, सज्जाखालचे खांब दुरुस्त होऊन त्यांची खरी ताकद कळल्यावर. परवानगी सामान्यतः एका वर्षासाठी असते आणि पुढे वाढवून घ्यावी लागते. तेव्हा कौले उतरवण्याचे काम दिवाळीनंतर सुरू होऊन मेच्या मध्यापर्यंत संपेल अशा बेताने अर्जाची तारीख ठरवा. उघड्या छपरावर वळवाचा एक पाऊस आला तरी मातीच्या भिंतीचे नुकसान होते. आणि तोपर्यंत आईंसाठी, आजच्या आजच, माजघराच्या दारापासून परड्यापर्यंत भिंतीलगत हाताने धरायचा कठडा आणि दोन दिवे लावून घ्या. भिंत न खोदता, मोकळ्या लोखंडी खांबांवर तो उभा करता येतो.